लालूंची एकाही बिलावर सही नव्हती, मग शिक्षा कशी झाली?

प्रश्न असा आलाय की बिहारच्या चारा घोटाळ्यात, म्हणजे गुरांच्या चारा-औषधांच्या खोट्या बिलांवर सरकारी पैसे काढल्याच्या प्रकरणात, तेव्हाचे मुख्यमंत्री लालूप्रसाद यादवांनी नक्की केलं काय. बिलावर सही त्यांची नाही, ट्रेझरीची, म्हणजे सरकारी कोषागाराची, पायरी ते कधी चढले नाहीत, मग मुख्यमंत्र्याला अपहारात शिक्षा कशी काय होते, आणि तीही एकाच घोटाळ्यात पाच वेळा. शेवटी खाली एक खोचक ओळ पण आहे, की एवढं होऊन माणूस पक्षाचा अध्यक्ष तो अध्यक्षच, मग पडला कुठे?

आधीच सांगतो, मी वकील नाही. माझी सगळी नोकरी महालेखाकार कार्यालयात गेली, लोक ज्याला एजी ऑफिस म्हणतात ते, आणि त्यातली बरीच वर्षं ट्रेझरी इन्स्पेक्शनच्या पार्टीत, म्हणजे बॅग भरून जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं, रेस्ट हाऊसवर राहायचं आणि दिवसभर व्हाउचरचे गठ्ठे उपसायचे. १९९६ साली ही बातमी आली तेव्हा आमच्या सेक्शनमध्ये राजकारणावर फार कोणी बोललं नाही. सगळ्यांचा एकच प्रश्न, तरतुदीपेक्षा इतके जास्त पैसे ट्रेझरीतून निघालेच कसे? कारण हे होऊ नये म्हणूनच तर सगळी यंत्रणा आहे, आमच्यासकट. म्हणून उत्तर मी त्याच बाजूने देतो.

सरकारी पैसा बाहेर कसा पडतो ते आधी बघा. विधानसभा बजेट मंजूर करते, समजा पशुसंवर्धन खात्याला वर्षाला अमुक कोटी. खातं ते जिल्ह्याजिल्ह्यात वाटून देतं, त्याचं पत्र निघतं, त्याला अलॉटमेंट लेटर म्हणायचं. जिल्ह्यातला अधिकारी, ज्याला पैसे काढायचा अधिकार आहे तो डीडीओ, बिल बनवतो, सोबत माल मिळाल्याची नोंद, सप्लायरचं इनव्हॉइस वगैरे लावतो आणि ट्रेझरीत टाकतो. ट्रेझरीने तीन गोष्टी बघायच्या, सही नमुन्याशी जुळते का, बिल नियमात आहे का आणि त्या हेडखाली, म्हणजे खर्चाच्या त्या शीर्षाखाली, अलॉटमेंट शिल्लक आहे का. मग बँकेतून पेमेंट. महिन्याच्या शेवटी ट्रेझरी सगळी व्हाउचर आणि हिशोब एजी ऑफिसला पाठवते, तिथे राज्याचा एकत्र हिशोब होतो, आणि खात्यानेही दर महिन्याला येऊन आपले आकडे एजीच्या आकड्यांशी जुळवून बघायचे असतात.

म्हणजे बघा, तीन कुलपं झाली. डीडीओ, ट्रेझरी आणि एजी. वर पुन्हा वित्त विभाग, जो बजेट आणि खर्च दोन्ही बघतो. आणि त्याच्याही वर आमदारांची लोकलेखा समिती, पीएसी. एखादं कुलूप तुटलं तर चोरी होते, ते आम्ही दर वर्षी कुठे ना कुठे बघायचो. सगळीच कुलपं एकदम उघडी राहिली आणि तीही वर्षानुवर्षं, तर मग किल्ल्यांचा जुडगा कोणाकडे होता हा प्रश्न येतोच.

बिहारमध्ये पैसा निघाला तो खोट्या अलॉटमेंट लेटरवर. चाईबासा ट्रेझरीच्या एका केसचे आकडे मला अजून पाठ आहेत. १९९२-९३ साली तिथल्या पशुसंवर्धन ऑफिससाठी खरी मंजुरी होती ७ लाख १० हजारांची आणि निघाले ३३ कोटी ६७ लाख. जवळपास पावणेपाचशे पट. आता सांगा, जिल्ह्याच्या ट्रेझरीतल्या क्लार्कला हे दिसत नाही? दिसतंच. एखादं बनावट पत्र नजरेतून सुटतं, मी स्वतः सुटलेलं बघितलंय, पण हा आकडा सुटत नाही, तो सोडावा लागतो. म्हणूनच पुढे आरोपींत पशुवैद्यक आणि सप्लायर यांच्याबरोबर ट्रेझरीवाले आणि आयएएस अधिकारी पण आले.

पूर्ण राज्याचा घोटाळा साधारण ९५० कोटींचा धरला जातो आणि तो एका जिल्ह्यात नाही, चाईबासा, रांचीची डोरंडा, दुमका, देवघर, अशा कितीतरी ट्रेझऱ्यांतून. खात्याचा खर्च काही वर्षी मंजूर रकमेच्या दुप्पट तिप्पट होत होता. कशावर? पिवळा मका, भुईमुगाची पेंड, मीठ, औषधं. जी गुरं नव्हतीच त्यांना न आलेला चारा घातला आणि न झालेल्या रोगावर न आलेली औषधं दिली. वाहतुकीच्या बिलांवर ट्रक म्हणून जे नंबर होते ते आरटीओत तपासले तर स्कूटर निघाल्या, मोपेड निघाल्या. डोरंडाच्या केसमध्ये तर हरियाणा-दिल्लीकडून सांड आणले म्हणून बिलं, आणि गाडीचा नंबर स्कूटरचा. लोक यावर हसतात, टीव्हीवर याचे जोक झाले. आम्हा ऑडिटवाल्यांना मात्र त्याचं फार नवल वाटलं नाही, कारण गाडीचा नंबर ही सगळ्यात आळसाने केलेली चोरी असते. माझ्याच वाट्याला आपल्याकडचं एक जिल्ह्याचं ऑफिस आलं होतं, नाव सांगत नाही, जीप तीन महिने गॅरेजमध्ये पडून, गॅरेजचं बिलही फाइलला लावलेलं, आणि त्याच तीन महिन्यांत लॉगबुकमध्ये तीच जीप रोज ऐंशी-नव्वद किलोमीटर पळतेय. डिझेलची बिलं पास. विचारलं तर साहेब म्हणाले, अहो लिहिण्यात चूक झाली असेल. आम्ही हाफ मार्जिन, म्हणजे ऑडिटचा लेखी खुलासा मागणारा कागद, काढला, उत्तर आलं, पुढे पॅरा, म्हणजे रिपोर्टात आक्षेप, झाला, आणि बहुतेक आजही कुठल्यातरी कपाटात असेल. चोर हुशार असतो असं काही नाही, त्याला माहीत असतं की कोणी बघणार नाही, तेवढं पुरतं.

आणि इथेच लालूंच्या बाजूने बोलायची एक गोष्ट आहे, ती बोललीच पाहिजे. हा घोटाळा त्यांनी सुरू केलेला नाही. १९८५ मध्येच त्या वेळचे कॅग, म्हणजे देशाचे महालेखापरीक्षक, टी. एन. चतुर्वेदी यांना दिसलं होतं की बिहारच्या ट्रेझऱ्यांकडून महिन्याचे हिशोब वेळेवर येत नाहीत, आणि त्यांनी त्या वेळच्या मुख्यमंत्र्यांना कळवलंही होतं. आमच्याकडे एक म्हण असायची, उशिरा येणारा हिशोब आधी उघडून बघावा. लालू तेव्हा विरोधी आमदार. म्हणजे रोग आधीचा, काँग्रेसच्या काळातला. पुढे जगन्नाथ मिश्रा, तीन वेळा मुख्यमंत्री झालेले काँग्रेसचे नेते, तेही यातल्या काही केसमध्ये दोषी ठरले आणि काहींत सुटले. सत्ताधारी आणि विरोधक एकाच ताटात जेवत होते असं त्या काळचं बिहार होतं, त्यामुळे विधानसभेत आरडाओरडा व्हायचा आणि परत शांत.

आता माणूस कोण होता ते थोडं सांगायला हवं, नाहीतर पडण्याची उंची कळत नाही. गोपालगंज जिल्ह्यातलं फुलवरिया, गरीब गवळी घर. शिकायला पाटण्यात आले ते मोठ्या भावाकडे, भाऊ बिहार व्हेटर्नरी कॉलेजात शिपाई, त्याला मिळालेल्या क्वार्टरमध्ये. लालूंनी स्वतःही काही काळ त्याच कॉलेजात क्लार्कची नोकरी केली. मग पाटणा विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाचं राजकारण, जेपींचं आंदोलन, आणीबाणीतला तुरुंग, आणि १९७७ ला छपऱ्यातून थेट लोकसभेत, वय २९. मार्च १९९० मध्ये मुख्यमंत्री झाले तेव्हा व्ही. पी. सिंगांचा उमेदवार वेगळा, चंद्रशेखर यांचा वेगळा, आणि दोघांच्या भांडणात हे निसटत्या मतांनी नेते निवडून आले. मुख्यमंत्री झाल्यावरही काही महिने ते त्या शिपायाच्या क्वार्टरमध्येच राहिले आणि कारभार तिथून चालायचा, अधिकारी फाइली घेऊन चाळीच्या अंगणात उभे. पशुवैद्यकांच्या आवारात वाढलेला माणूस शेवटी पशुसंवर्धन खात्यातच अडकला, याला काय म्हणावं.

पण त्यांना नुसतं नकलाकार समजू नका. ऑक्टोबर १९९० मध्ये समस्तीपुरात अडवाणींची रथयात्रा अडवून त्यांना अटक करणं हे त्या वेळी कोणीही केलं नसतं. ज्या जातींच्या लोकांना जमीनदाराच्या खाटेवर बसायची सोय नव्हती त्यांना पहिल्यांदा वाटलं की पाटण्यात आपला माणूस बसलाय. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी चरवाहा विद्यालयं काढली १९९१ मध्ये, फार चालली नाहीत पण कल्पना बघा. १९९५ ला त्यांचं जनता दल एकट्याच्या बळावर बहुमतात आलं. आणि याच वर्षांत, पाच-सहा वर्षं, अर्थखातंही त्यांच्याचकडे. हे लक्षात ठेवा, पुढे कोर्टात नेमकं हेच भोवलं.

फुटलं कसं, तर वरून नाही, खालून. जानेवारी १९९६ मध्ये वित्त विभागाने जिल्ह्यांना कळवलं की पशुसंवर्धन खात्याचे पैसे जास्त निघालेले दिसतायत, तपासा. २७ जानेवारीला पश्चिम सिंहभूमचे तरुण डेप्युटी कमिशनर अमित खरे (आपल्या भाषेत कलेक्टर) चाईबासाच्या पशुसंवर्धन ऑफिसवर जाऊन धडकले. आदल्या दिवशी प्रजासत्ताक दिन झालेला. ऑफिसचे लोक पळून गेलेले, कपाटात बनावट बिलं, शिक्के, कागदांचे ढीग. त्यांनी ट्रेझरीतलं पेमेंट बंद करायला लावलं आणि एफआयआर केले. मला यातला पेमेंट थांबवण्याचा भाग सगळ्यात मोठा वाटतो, धाडीपेक्षा. कारण धाडीनंतर दोन दिवसांत कागद गायब होतात, पण ट्रेझरी आणि बँकेत रेकॉर्ड सील झालं की व्हाउचर कुठे जात नाही, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं खटले उभे राहिले ते त्याच व्हाउचरांवर.

मग पाटणा हायकोर्टात याचिका, ती करणारे विरोधी नेते सुशील मोदी, सरयू राय, शिवानंद तिवारी वगैरे मंडळी. ११ मार्च १९९६ ला हायकोर्टाने सीबीआयकडे तपास दिला आणि सुप्रीम कोर्टाने तो कायम ठेवून हायकोर्टाला देखरेख करायला सांगितलं. (यातले शिवानंद तिवारी पुढे लालूंच्याच पक्षात गेले. बिहार आहे, चालायचंच.) तपासाचे प्रमुख सीबीआयचे यू. एन. बिस्वास. जून १९९७ मध्ये राज्यपाल किडवाईंनी मुख्यमंत्र्यावर खटला चालवायची परवानगी दिली आणि इथून जे झालं ते दीड महिन्यात झालं. जनता दलात राजीनामा द्या म्हणून दबाव, तर ५ जुलैला लालूंनी आपला वेगळा राष्ट्रीय जनता दल काढला. २५ जुलैला राजीनामा दिला आणि संध्याकाळपर्यंत पत्नी राबडीदेवी मुख्यमंत्री, ज्या तोपर्यंत घर सोडून कुठल्या पदावर नव्हत्या. ३० जुलैला कोर्टासमोर हजर आणि जेल. त्या आठवड्यात अटक करायला सीबीआयने लष्कराची मदत मागितली होती, इतकं वातावरण तापलेलं, लष्कराने नाही म्हटलं ते बरंच झालं.

आता मुख्य मुद्दा, सही नसताना दोषी कसे.

अपहार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं की याने पैसे खिशात घातले. कायद्यात तसं नाही. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेत कलम ४०९ होतं लोकसेवकाने केलेल्या विश्वासघाताचं, म्हणजे ज्या मालमत्तेची जबाबदारी तुमच्यावर होती ती तुम्ही स्वतः खाल्ली किंवा दुसऱ्याला खाऊ दिली, दोन्ही त्यात येतं. आणि त्याला जोडलं १२०-ब, कट. कटात प्रत्येकाने प्रत्येक काम करावं लागत नाही. एक बिल बनवतो, एक पास करतो, एक सप्लाय न करता पावती देतो, आणि एक असा लागतो जो वरून कोणी विचारू नये याची सोय करतो. सीबीआयचं म्हणणं होतं की हा शेवटचा माणूस लालू.

पुरावा काय? तर कागदच. तरतुदीपेक्षा खर्च कितीतरी जास्त हे मुख्यमंत्री-अर्थमंत्री म्हणून त्यांच्यासमोर होतं. बजेट मांडणारा माणूस मागच्या वर्षीचा खर्च बघूनच पुढची तरतूद मांडतो, त्यामुळे मला माहीत नव्हतं हे अर्थमंत्र्याला म्हणता येत नाही, दुसऱ्या कुठल्याही मंत्र्याला एक वेळ म्हणता आलं असतं. चौकशीची मागणी आली की फाइल पडून राहायची, किंवा पीएसी बघतेय म्हणून इतर चौकशी नको असं ठरायचं, आणि मग पीएसीवरचे काही आमदारच पुढे आरोपी निघाले. ज्या अधिकाऱ्यांवर बोट होतं त्यांना मुदतवाढ, बढती. घोटाळ्याचा सूत्रधार म्हणून ज्याचं नाव प्रत्येक केसमध्ये येतं तो पशुसंवर्धन खात्याचा प्रादेशिक संचालक श्याम बिहारी सिन्हा, तो खात्यात वर्षानुवर्षं टिकला कसा, हा प्रश्न घ्या. तो स्वतः निकालाच्या आधीच वारला.

लालूंची बाजू अशी की कारवाई माझ्याच सरकारच्या काळात झाली, एफआयआर माझ्याच अधिकाऱ्यांनी केले, मग मी आरोपी कसा. ऐकायला बरोबर वाटतं. पण १९९० ते ९६ मधली वर्षं मध्ये आहेत ना, त्या वर्षांचं उत्तर यात येत नाही. कोर्टानेही तेच धरलं. दुसरी एक गोष्ट लोक विसरतात, बेहिशेबी मालमत्तेच्या वेगळ्या केसमध्ये लालू आणि राबडीदेवी दोघेही डिसेंबर २००६ मध्ये निर्दोष सुटले. म्हणजे घरात उत्पन्नापेक्षा जास्त संपत्ती असल्याचं सिद्ध झालं नाही, आणि तरी ट्रेझरीच्या केसमध्ये शिक्षा झाली. ज्यांना हे विचित्र वाटतं त्यांनी वरचा परिच्छेद परत वाचा, दोन गुन्हे वेगळे आहेत. एकात तुमच्या कपाटात काय सापडलं ते बघतात, दुसऱ्यात सरकारी कपाटातून काय गेलं आणि तुम्ही तेव्हा कुठे होतात ते. दोषी ठरल्यावर ते प्रत्येक वेळी राजकीय सूड म्हणाले आणि प्रत्येक निकालावर हायकोर्टात अपील केलं, हेही नोंदवून ठेवतो.

पाच वेळा शिक्षा का, हा प्रश्न त्यांच्या वकिलांनीही विचारला होता. एकाच कटासाठी एकदा शिक्षा झाली, मग परत कशाला. झारखंड हायकोर्टाला २०१४ मध्ये ते पटलंही आणि बाकीच्या केसमधले बरेचसे आरोप काढून टाकले. पण ८ मे २०१७ ला सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं, म्हणाले की ट्रेझरी वेगळी, वर्षं वेगळी, रक्कम वेगळी, बनावट पत्रं वेगळी, आरोपीही सगळे तेच नाहीत, तर प्रत्येकाचा खटला स्वतंत्र चालवा आणि नऊ महिन्यांत संपवा. ऑडिटवाल्याला हे सरळ वाटतं. चार ट्रेझऱ्यांत एकच टोळी असली तरी इन्स्पेक्शन रिपोर्ट चार निघतात.

तर पहिली शिक्षा आधीच झालेली होती, चाईबासाची ३७ कोटी ७० लाखांची, ३० सप्टेंबर २०१३ ला दोषी आणि ३ ऑक्टोबरला पाच वर्षं व २५ लाख दंड. मग २३ डिसेंबर २०१७ ला देवघर ट्रेझरी, रक्कम फक्त ८९ लाख २७ हजार, शिक्षा साडेतीन वर्षं. महिन्याभरात २४ जानेवारी २०१८ ला चाईबासाचीच दुसरी, ती वर सांगितलेली ३३ कोटी ६७ लाखांची, पाच वर्षं. मार्च २०१८ मध्ये दुमका, सव्वातीन कोटींच्या आतबाहेरची रक्कम पण शिक्षा सगळ्यात जड, सात अधिक सात अशी चौदा वर्षं, एकामागून एक भोगायची, आणि ६० लाख दंड. रकमेच्या प्रमाणात शिक्षा असते असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे सांगतोय. आणि शेवटची, सगळ्यात मोठी, डोरंडा ट्रेझरी, १३९ कोटी ३५ लाख, १५ फेब्रुवारी २०२२ ला दोषी, पाच वर्षं आणि परत ६० लाख. डोरंडाच्या केसमध्ये सुरुवातीला १७० आरोपी होते, निकाल येईपर्यंत त्यातले ५५ मेले. सव्वीस वर्षं चाललेल्या खटल्यात हे होणारच, साक्षीदार मेले, तपास करणारे रिटायर झाले, मध्ये बिहारमधून झारखंड वेगळं होऊन केसेस पाटण्याहून रांचीला गेल्या. कागदं तेवढी टिकली.

आता ती खोचक ओळ, पडला कुठे.

हे खरंच आहे की १९९७ मध्ये जेलमध्ये गेलेला माणूस २००४ मध्ये देशाचा रेल्वेमंत्री झाला, आरोपपत्र डोक्यावर असताना, आणि मॅनेजमेंट कॉलेजवाले त्यांचं लेक्चर ठेवायचे. आरोपी असणं आणि दोषी असणं यात कायद्याने फरक आहे आणि खटला जितका लांबेल तितका तो फरक नेत्याच्या कामी येतो. बदल झाला तो २०१३ मध्ये आणि त्यात टायमिंगचा भाग फार. तोपर्यंत लोकप्रतिनिधी कायद्यात सोय होती की आमदार-खासदार दोषी ठरला तरी तीन महिन्यांत अपील केलं की खुर्ची शाबूत. १० जुलै २०१३ ला सुप्रीम कोर्टाने लिली थॉमस केसमध्ये ती सोय रद्द केली, दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की त्या दिवसापासून अपात्र. मनमोहन सरकारने ते फिरवायला वटहुकूम काढायचं ठरवलं, लालूंचा निकाल तोंडावर आलेला, आणि २७ सप्टेंबरला राहुल गांधींनी दिल्लीत प्रेस क्लबमध्ये येऊन हा वटहुकूम फाडून फेकायच्या लायकीचा आहे म्हटलं. तीन दिवसांनी लालू दोषी. खासदारकी गेली. निकाल जूनमध्ये लागला असता तर अपील करून ते आरामात टर्म पूर्ण करून बसले असते. आपल्याकडे नागपूर जिल्हा बँकेच्या केसमध्ये डिसेंबर २०२३ ला सुनील केदारांना पाच वर्षांची शिक्षा झाली आणि लगेच आमदारकी गेली, ती याच निकालामुळे.

स्वतः निवडणूक लढवायची तर शिक्षा भोगून सुटल्यावर आणखी सहा वर्षं थांबायचं असतं, आणि इथे शिक्षा पाच. म्हणजे त्यांच्या वयाला तो विषय जवळपास संपला. पण पक्षाचा अध्यक्ष व्हायला कायदा आड येत नाही, ही फट आहे आणि ती सगळ्याच पक्षांना सोयीची आहे म्हणून आहे. २०१५ मध्ये स्वतः उभे राहू शकत नसताना पक्षाने ८० जागा आणल्या, विधानसभेत पहिला नंबर. २०२० मध्ये तर ते रांचीत शिक्षा भोगत होते, बराच काळ तिथल्या रिम्स हॉस्पिटलात, तरी ७५ जागा आणि पुन्हा सगळ्यात मोठा पक्ष. नंतर जामीन, २०२२ च्या निकालानंतर परत आत, परत जामीन, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सिंगापूरला किडनी ट्रान्सप्लांट, किडनी मुलीने दिली. त्यांचा मतदार मूर्ख नाही, मी पाटण्याच्या एजी ऑफिसातल्या सहकाऱ्यांशी यावर खूप बोललोय. ते सांगायचे की लोकांना घोटाळा झाला हे मान्य असतं, त्यांचा सवाल एवढाच असतो की इतक्या वर्षांत खाणारे एवढे झाले, मग आमचाच का सापडला. याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. मिश्रा पण सापडले होते हे सांगितलं की ते हसायचे.

एकाने असंही विचारलंय की हे आज महाराष्ट्रात होऊ शकतं का. त्याच पद्धतीने अवघड आहे. आता बीम्सवर, म्हणजे राज्याच्या बजेटच्या संगणक प्रणालीवर, तरतूद ऑनलाइन असते आणि बिलासोबत त्याची ऑथरायझेशन स्लिप लागते, शिल्लक नसेल तर सिस्टिम स्लिपच देत नाही, त्यामुळे खोट्या अलॉटमेंट लेटरवर पावणेपाचशे पट काढणं जमणार नाही. माल न येता बिल निघणं मात्र कुठलीच सिस्टिम थांबवत नाही, कारण माल आला हे शेवटी माणूसच लिहितो. ज्याला खरोखर बघायचंय त्याने कॅगचा विनियोजन लेखे नावाचा जाडजूड खंड उघडावा, वेबसाइटवर फुकट मिळतो, मराठीतही असतो. विधिमंडळात तो बहुतेक वेळा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी ठेवतात, जेव्हा सगळे बॅगा भरत असतात. त्यात प्रत्येक खात्यापुढे मंजूर रक्कम, झालेला खर्च आणि तिसरा रकाना बचत किंवा अधिक खर्च असा असतो. पहिले दोन सोडा, तिसऱ्या रकान्यावरून बोट फिरवत खाली या, आणि एकच खातं सलग तीन वर्षं अधिक खर्चात दिसलं तर तिथे थांबा.